कीबोर्डचे ड्रम ब्लूजवर बसत नाहीत: दोष कुठे शोधायचा आणि काय बदलायचं

नागपुरात घरच्या घरी गिटार रेकॉर्ड करणाऱ्या पोरांकडून एक तक्रार वारंवार येते. गिटार नीट लागलेली असते, बारा बारचा (बार म्हणजे चार ठोक्यांचा गट) ब्लूज पाठ असतो, गळाही बरा असतो. घरात आधीपासून पडून असलेल्या कीबोर्डचे ड्रम खाली लावले की मात्र सगळं बिनसतं. "दादा, हे काहून लग्नातल्या ऑर्केस्ट्रासारखं वाजून राहिलं?" असा प्रश्न येतो आणि पाठोपाठ बेत ठरतो: बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन नवा कीबोर्ड बघू, नाहीतर महागडं ड्रमचं सॉफ्टवेअर घेऊ.

माझं सांगणं आहे की आधी हातात आहे तोच कीबोर्ड तपासा. साध्या कीबोर्डमधली किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि राइड (ठेका धरणारी मोठी झांज) ब्लूजला पुरतात. बिघाड बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतो: ठोका नेमका कधी पडला, किती जोराने पडला आणि तो कोणत्या केबलमधून रेकॉर्डिंगपर्यंत आला. नवा कीबोर्ड आणला तरी हे तिन्ही दोष त्याच्यासोबत परत येतात, म्हणून ही तक्रार मिटत नाही.

सुरुवात एका सोप्या तपासणीने करा. बाकी सगळे ट्रॅक म्यूट करून फक्त ड्रम ऐका आणि पायाने ठेका धरा. पाय आपोआप चालला, पण गिटार जोडताच गडबड झाली, तर ड्रम ठीक आहेत आणि दोघांच्या वेळा जुळत नाहीत. तुम्ही थेट खालचा "गिटार मागे पडते" हा भाग वाचा. पाय चालतच नसेल तर लय किंवा जोर बघायचा. हाय-हॅट (झांजांची जोडी) टणटणीत येतेय आणि किक गायब आहे, असं असेल तर केबलकडे वळा.

लय सरळ पडतेय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त गाणी इथेच मरतात.

ब्लूजचा शफल, म्हणजे झुलता ठेका, तीनच्या भागाकारावर उभा असतो. प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग होतात, पहिला आणि तिसरा वाजतो, मधला रिकामा राहतो. आपल्याकडे ज्याने थोडाफार तबला ऐकला आहे त्याला हे समजायला दादरा पुरतो. "धा धी ना, धा ती ना" म्हणा. यात दोन ठोके झाले, प्रत्येकाचे तीन भाग. दादऱ्याची दोन आवर्तनं म्हणजे चार ठोक्यांचा एक बार. आता मधली अक्षरं मनात ठेवा आणि तोंडाने फक्त "धा ऽ ना, धा ऽ ना" म्हणत टाळी द्या. हाच शफल. मधली अक्षरंही वाजवली की स्लो ब्लूजची बारा-आठची चाल मिळते, जिथे हाय-हॅट बारमध्ये बाराही ठिकाणी पडते, किक पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर आणि स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर.

कीबोर्डमधले बहुतेक पॉप आणि रॉक ठेके मात्र ठोक्याचे दोन समान भाग करतात. फरक कानाला किती मोठा असतो ते आकड्यात बघा. टेम्पो मिनिटाला ९० असेल तर एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंदांचा. सरळ ठेक्यात दुसरा घाव ३३३ व्या मिलिसेकंदाला पडतो, शफलमध्ये ४४४ व्या. मध्ये १११ मिलिसेकंदांचं अंतर आहे. गिटार शफल वाजवतेय आणि हाय-हॅट सरळ चालली आहे, तर दर ठोक्याला दोघं एकमेकांच्या पायावर पाय देतात. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा लगेच जाणवतो.

उपाय दोन. कीबोर्डच्या यादीत शफल किंवा ब्लूज नावाचा ठेका असेल तर तो घ्या. "स्विंग" नावाचा ठेका बहुधा जॅझचा असतो. त्यात राइड जास्त बोलते आणि किक-स्नेअर मागे राहतात, त्यामुळे शिकागो पद्धतीच्या ब्लूजला तो हलका पडतो. दुसरा उपाय, मिडी (आवाज नव्हे, कोणती पट्टी कधी आणि किती जोराने दाबली याची नोंद) रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये स्विंगची टक्केवारी वाढवा. रॉजर लिन यांच्या ड्रम मशीनपासून रूढ झालेल्या मोजणीत ५० म्हणजे पूर्ण सरळ आणि ६६ च्या आसपास म्हणजे अचूक तीनचा भागाकार. काही सॉफ्टवेअर सरळला ० धरतात, म्हणून दुसऱ्याने सांगितलेला आकडा तसाच टाकू नका. "धा ऽ ना" म्हणत ऐका आणि जुळेल तिथे थांबा. टेम्पो वाढत गेला की ड्रमर हा झोका आपसूक कमी करतात. मिनिटाला १४० च्या पुढे ६६ ठेवलं तर गाणं उड्या मारतं. तिथे ५८ ते ६० वर बघा.

क्वांटाइझ करताना, म्हणजे सॉफ्टवेअरकडून घाव ठरलेल्या जाळीवर बसवून घेताना, आणखी एक घोळ होतो. हाताने छान शफल वाजवलेला असतो आणि सवयीने सरळ आठव्या भागावर क्वांटाइझ लावलं जातं. तिसऱ्या भागावरचा घाव ओढला जाऊन मधोमध बसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जाळी ट्रिपलेटची (तीन भागांची) निवडा, आणि तीही शंभर टक्के लावू नका. निम्म्या ताकदीने लावली की चुकलेले घाव जवळ येतात आणि हाताची चाल राहते.

लय जुळल्यावरही ठेका ताठ वाटत असेल तर स्नेअर किंचित मागे सरकवा. स्लो ब्लूजमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरची स्नेअर १० ते १५ मिलिसेकंद उशिरा पडली की गाण्याला आराम मिळतो. किक जागेवरच ठेवा. सगळंच मागे सरकवलं तर काहीच मागे पडत नाही, फक्त ट्रॅक उशिरा सुरू होतो.

सगळे घाव एकाच जोराचे

ड्रमर राइडवर "धा ऽ ना" वाजवतो तेव्हा "धा" आणि "ना" सारख्या जोराने पडत नाहीत. स्नेअरचे मुख्य घाव आणि त्यांच्या मधले हलके स्पर्श यांत तर जमीन-अस्मानाचा फरक असतो. शिकागोचे ड्रमर फ्रेड बिलो जॅझ शिकून ब्लूजकडे आले होते, त्यांच्या राइडच्या हातात हे स्पष्ट ऐकू येतं. ड्रमर सॅम ले दुहेरी शफलसाठी ओळखले जातात: दोन्ही हात शफल वाजवतात, आणि तरी दुसरा-चौथा ठोका उठून येतो, कारण बाकीचे घाव दबके असतात. कीबोर्डवर ड्रम वाजवणाऱ्याने या दोघांना हेडफोनवर ऐकावं आणि प्रत्येक वेळी एकाच हातावर लक्ष ठेवावं. असा एक तास कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त शिकवतो.

कीबोर्डवर आधी बघा की टच रिस्पॉन्स चालू आहे का. अनेकदा तो बंद किंवा "फिक्स्ड" वर असतो आणि मग हळू दाबा की जोरात, आवाज तोच. अगदी छोट्या, लहान मुलांसाठीच्या कीबोर्डमध्ये ही सोयच नसते. तिथे मिडी संपादनात हाताने जोर बदलावा लागेल. मिडीची सोयही नसेल तर तीन-चार ट्रॅक वेगवेगळ्या आवाजपातळीवर वाजवून रेकॉर्ड करा, म्हणजे मुख्य स्नेअर एका ट्रॅकवर, हलके घाव दुसऱ्यावर, असं. कंटाळवाणं आहे, पण होतं.

मिडीमध्ये जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. सुरुवातीला मी हे आकडे सुचवतो: मुख्य स्नेअर ९५ ते १०५, तिच्या मधले हलके स्पर्श २५ ते ४०, राइडचा "धा" ८५ च्या आसपास, "ना" ५५ ते ६०, किक ८० ते ९०. किक मुद्दाम कमी ठेवली आहे. जुन्या ब्लूजच्या रेकॉर्डमध्ये ती छातीवर आदळत नाही, ती बासच्या खाली उशी देते. मिरवणुकीतला धुमाल किंवा डीजे ऐकून तयार झालेला कान किक वर उचलत राहतो, आणि तीच गाण्याला ऑर्केस्ट्राचा वास लावते.

स्वस्त कीबोर्डमध्ये स्नेअरचा बहुधा एकच नमुना असतो. लागोपाठ वाजवला की तो टाइपरायटरसारखा ऐकू येतो. जनरल मिडीच्या (सगळ्या कंपन्यांच्या सामाईक मानकाच्या) किटमध्ये ३८ आणि ४० अशा दोन स्नेअर असतात आणि ३७ वर कडेचा घाव. मुख्य घाव ३८ वर ठेवा, हलके स्पर्श अधूनमधून ४० वर न्या आणि स्लो ब्लूजच्या पहिल्या बारा बारांना ३७ वापरून बघा. आवाज तिथेच बदलल्यासारखा वाटतो आणि खर्च शून्य.

आणखी एक, ज्यावर माझा फार जोर आहे: आवाज कमी वापरा. किक, स्नेअर, राइड किंवा हाय-हॅट, एवढ्यावर अख्खं गाणं उभं राहतं. क्रॅश (मोठ्याने आदळणारी झांज) सुरुवातीला एकदा आणि सोलो सुरू होताना एकदा. टॉम, टाळ्या, टॅम्बोरीन, काउबेल बोटाखाली आहेत म्हणून वाजवू नका. दोन वेळा रेकॉर्ड करायचं: पहिल्या फेरीत दोन बोटांनी किक आणि स्नेअर, दुसऱ्या फेरीत फक्त राइड. चारही अवयवांचं काम एका फेरीत बोटांनी करायला गेलं की जोर हाताबाहेर जातो.

आपोआप वाजणारा ठेका बाराच्या हिशेबात बसत नाही

कीबोर्डची स्टाइल वापरणाऱ्यांचा हा ठरलेला त्रास. स्टाइल साधारणपणे दोन, चार किंवा आठ बारच्या तुकड्यात फिरते. दोनने आणि चारने बाराला पूर्ण भाग जातो, आठने जात नाही. आठ बारची स्टाइल असेल तर पहिल्या फेरीच्या नवव्या बारला ती पुन्हा सुरू होते आणि दुसरी फेरी सुरू होते तेव्हा ती पाचव्या बारमध्ये असते. तिच्यात शेवटी एखादी सजावट असेल तर ती दर फेरीला वेगळ्याच ठिकाणी टपकते. गिटारवाल्याला वाटतं आपणच बार चुकलो. स्टाइलचा साधा, पहिला प्रकार निवडा. त्यात सजावट सहसा कमी असते. तरीही सुटलं नाही तर दोन बारचा स्वच्छ तुकडा कापा आणि तोच सहा वेळा लावून एक फेरी बनवा.

फिलचं (छोट्या सजावटीचं) बटण दाबायचं ते बाराव्या बारमध्ये, जिथे टर्नअराउंड (फेरीच्या शेवटचं वळण) संपून गाणं पुन्हा पहिल्या बारवर उतरतं. चौथ्या बारच्या शेवटी, चौथ्या सुराच्या कॉर्डवर जाण्याआधी, छोटासा इशारा चालतो. त्यापलीकडे फिल नको. कीबोर्डचे तयार फिल पॉप गाण्यासाठी बनवलेले असतात आणि बऱ्याचदा सरळ सोळाव्या भागात असतात. शफलच्या मध्ये ते काचेत खडा पडावा तसे येतात. त्यापेक्षा बाराव्या बारच्या शेवटच्या ठोक्यावर "धा धी ना" असे तीन घाव स्नेअरवर हाताने द्या.

स्टाइलमधले बास, कॉर्ड आणि तंतुवाद्यांचे भाग बंद करून फक्त ताल ठेवा. गाणं ई किंवा ए मध्ये आहे आणि डावा हात चुकून भलताच कॉर्ड धरतोय, असे घोटाळे मग आपोआप थांबतात.

टेम्पोबद्दल एवढंच की कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे आकडा एकच आहे हे डोळ्यांनी बघा. एकीकडे ९६ आणि दुसरीकडे ९५ असेल तर बारा बारची एक फेरी एकीकडे ३० सेकंदांत संपते आणि दुसरीकडे ३०.३ सेकंदांत. पहिल्या फेरीत ते चालून जातं, चौथ्या फेरीपर्यंत सव्वा सेकंदाची दरी पडलेली असते. मिडी क्लॉकने (टेम्पो जुळवणाऱ्या संदेशाने) दोन्ही जोडता आले तर उत्तम. नाही जमलं तर ड्रम संपूर्ण लांबीचे एकदाच रेकॉर्ड करा, सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम बंद करा आणि गिटार त्या ड्रमवरच वाजवा.

किक गायब, फक्त हाय-हॅट उरली

हा दोष लोकांना भुताटकीसारखा वाटतो, पण त्याचं कारण अगदी साधं आहे. कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. ते तीन संपर्कांच्या पिनेच्या (टीआरएस) केबलने ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डब्याच्या) बॅलन्स्ड इनपुटमध्ये टाकले की इंटरफेस एकातून दुसरा वजा करतो, कारण बॅलन्स्ड इनपुटचं कामच ते आहे. जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं होतं. किक, स्नेअर आणि बास नेहमी मधोमध असतात, म्हणून तेच जातात. बाजूला ठेवलेली हाय-हॅट आणि रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी उरते.

स्टिरिओ भोकातून दोन स्वतंत्र मोनो पिना काढणारी केबल घ्या आणि त्या दोन वेगळ्या इनपुटमध्ये लावा. इंटरफेसला एकच लाइन इनपुट असेल तर डावी पिन तेवढी जोडा. कीबोर्डला मागे वेगळे आउटपुट असतील आणि एकावर "मोनो" लिहिलेलं असेल तर साध्या मोनो केबलने तेच वापरा. लॅपटॉपच्या हेडसेटच्या भोकात कीबोर्ड जोडू नका. तिथलं इनपुट माइकसाठी असतं, मोनो असतं आणि कीबोर्डच्या आवाजाने लगेच फाटतं. कीबोर्डला यूएसबी असेल तर मिडी घेऊन आवाज लॅपटॉपमध्येच तयार करणं जास्त स्वच्छ. मात्र मिडी रेकॉर्ड करायला ऑडॅसिटी चालत नाही, ते ध्वनी रेकॉर्ड करणारं साधन आहे. बँडलॅब फुकट आहे, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं.

पातळी ठेवताना कीबोर्डचा आवाज दोन-तृतीयांशापर्यंत चढवा आणि रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठा घाव उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये येईल असा इंटरफेस लावा.

खाली सतत "ऽऽम्म" असा गुणगुणाट असेल तर तो घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. गेला तर दोषी सापडला. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर काम करा. नाही गेला तर कीबोर्ड अडॅप्टरऐवजी सेलवर चालवून बघा. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावल्यानेही बऱ्याचदा फरक पडतो. गुणगुणाट जावा म्हणून कुणी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडायला सांगेल. ती कधीही तोडू नका. गिटारच्या तारा हातात असताना अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं.

आणि कूलर. मार्च सरला की नागपुरातल्या खोलीत कूलरशिवाय बसणं अवघड, नवतप्यात (मे अखेरच्या कडक नऊ दिवसांत) तर अशक्य. इथेच कीबोर्डच्या ड्रमचा मोठा फायदा आहे: ते केबलमधून येतात, खोलीतला आवाज त्यांच्यात शिरत नाही. त्यामुळे ड्रम आणि थेट केबलने जोडलेली गिटार कूलर चालू ठेवून रेकॉर्ड करा, फक्त कूलरचा प्लग वेगळ्या बोर्डवर असू द्या, कारण त्याच्या मोटरची खरखर वायरिंगमधून येऊ शकते. माइक लागणारं काम, म्हणजे गळा, हार्मोनिका, अँप्लिफायरसमोरची गिटार, पहाटेसाठी राखा. तेव्हा कूलर बंद ठेवता येतो आणि रस्ताही शांत असतो.

ड्रम बरोबर आहेत, पण गिटार मागे पडते

पहिला प्रश्न: ब्लूटूथचे हेडफोन लावले आहेत का? असतील तर पुढचं काही तपासू नका, ते काढा आणि वायरचे लावा. ब्लूटूथमधून आवाज पोहोचायला सहज १०० मिलिसेकंदांच्या वर जातात. तुम्ही जे ऐकून वाजवता ते आधीच शिळं असतं. वर बघितलं तसं ९० च्या टेम्पोला सरळ आणि शफलमधलं अंतर १११ मिलिसेकंद आहे, म्हणजे एवढा उशीर अख्ख्या शफलला गिळायला पुरेसा.

वायरचे हेडफोन असूनही उशीर जाणवत असेल तर बफर (सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतं तो) बघा. ४४,१०० च्या दराने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सुमारे ६. येताना आणि जाताना दोन्ही वेळा तो लागतो, हे धरून हिशेब करा. रेकॉर्ड करताना २५६ किंवा १२८ ठेवा, मिक्स करताना परत वाढवा. विंडोजवर इंटरफेससोबत येणारा, उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर टाका. तो नसेल तर एएसआयओ फोर ऑल वापरता येतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असेल तर गिटार तिथूनच ऐका.

गिटार प्रत्येक ठिकाणी सारख्याच अंतराने उशिरा पडली असेल तर वाजवणाऱ्याला दोष देऊ नका, पूर्ण ट्रॅक तेवढाच डावीकडे, म्हणजे आधी, ओढा. अंतर ठिकठिकाणी वेगळं असेल तर मात्र सरावच हवा.

मिडी जोडली आणि भलतंच वाजलं

कीबोर्डवर ड्रम वाजवले आणि लॅपटॉपमधून पियानो आला? जनरल मिडीत, म्हणजे १९९१ पासून, तालवाद्यांना १० वा चॅनल राखलेला आहे. ट्रॅकचा चॅनल १० करा किंवा त्या ट्रॅकवर थेट ड्रमचं वाद्य लावा.

प्रत्येक घाव दोनदा ऐकू येत असेल, फ्लॅम दिल्यासारखा, तर एकदा कीबोर्ड स्वतः वाजवतो आणि एकदा लॅपटॉपमधून परत आलेल्या संदेशावर वाजवतो. कीबोर्डच्या मेनूत "लोकल" नावाची सेटिंग शोधून ती बंद करा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही एकदम बंद केलं तर काहीच वाजणार नाही आणि मग कीबोर्ड बिघडला म्हणून दुकानात धाव होते, हेही होऊन राहिलं आहे.

कुणी सांगितलं "किक सी १ वर आहे" आणि तुम्हाला तिथे काहीतरी वेगळंच मिळालं, तर दोघंही बरोबर असू शकता. मधल्या सी ला, म्हणजे मिडीच्या ६० क्रमांकाला, यामाहा सी ३ म्हणतं आणि रोलँडसारखे इतर सी ४. म्हणून पट्टीचं नाव सोडा, क्रमांक धरा: किक ३६, स्नेअर ३८, मिटलेली हाय-हॅट ४२, पायाने दाबलेली ४४, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१.

आवाज कोरडा आणि चकचकीत

वरचं सगळं नीट झाल्यावरच इकडे या. लोक उलट करतात: लय सरळ असताना रिव्हर्ब ओततात आणि सरळ लय धुक्यात फिरवतात.

आधी कीबोर्डचा स्वतःचा रिव्हर्ब आणि कोरस बंद करा. मग पॅन (डावी-उजवी जागा) मधोमध आणून ड्रम मोनो करा. पन्नाशीच्या दशकातल्या शिकागोच्या रेकॉर्ड मोनोच होत्या. कीबोर्डचे स्टिरिओ पसरलेले टॉम त्या काळच्या आवाजात उपरे वाटतात. इक्वलायझरने ८ ते १० हजार हर्ट्झच्या वरचं हळूहळू उतरवा, झांजांचा कचकचाट तिथे असतो. खालून ४० हर्ट्झच्या आतलं काढून टाका.

त्यानंतर ड्रमला खोली द्या. रेकॉर्डिंग इंजिनिअर बिल पटनम यांनी १९४७ मध्ये शिकागोच्या युनिव्हर्सल रेकॉर्डिंगमध्ये बाथरूमचा प्रतिध्वनी रेकॉर्डिंगसाठी वापरला होता. आपल्याकडे तर टाइल लावलेलं बाथरूम घरोघरी आहे. ड्रमचा ट्रॅक एका स्पीकरवर लावा, स्पीकर दाराजवळ कोरड्या जागी ठेवा, तोंड आतल्या भिंतीकडे करा आणि दूरच्या कोपऱ्यात माइक किंवा फोन उभा करा. मिळालेलं रेकॉर्डिंग मूळ कोरड्या ट्रॅकच्या खाली थोडंसंच मिसळा, इतकं की बंद केल्यावर कमी जाणवावं आणि चालू असताना वेगळं ऐकू येऊ नये. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पहिल्या घावावर जुळवून घ्या. टाइलची खोली फार किणकिणली तर दारावर टॉवेल टाका, किंवा फरशीच्या रिकाम्या हॉलमध्ये हाच प्रयोग करा. स्पीकरमधून हवेत जाऊन आलेला घाव कीबोर्डच्या चिपमधल्या घावापेक्षा दर वेळी थोडा वेगळा ऐकू येतो, आणि एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजल्याचा जो राग कानाला येतो तो यामुळे बराच उतरतो.

ड्रम काढूनच टाकले तर?

काही गाण्यांना ते हवेच नसतात, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्ससमध्ये जे रेकॉर्ड केलं त्यात ड्रम नाहीत. जॉन ली हुकर यांनी १९४८ मध्ये डेट्रॉइटमध्ये पहिली रेकॉर्ड केली तेव्हा गिटार, गळा आणि त्यांचा पाय एवढंच होतं, आणि तो पाय रेकॉर्डमध्ये ठळक ऐकू येतो. तुमचं गाणं एकट्या गिटारवर चालत असेल, बार कधी अकरा तर कधी साडेबारा होत असतील, तर त्याला कीबोर्डच्या ठोक्याला बांधू नका. हुकर यांचे बारही मोजून येत नाहीत.

अशा गाण्याला घरातला लाकडी पाट घ्या. त्याच्या एका कडेखाली वहीच्या जाडीची घडी घाला म्हणजे तो थोडा पोकळ बोलतो. फरशीवर खाली जाड सतरंजी हवी, नाहीतर पाटाऐवजी फरशीच वाजते. चामड्याच्या तळव्याची चप्पल किंवा बूट घाला, रबराचा तळवा आवाज खातो. माइक पाटापासून वीतभर अंतरावर, जमिनीच्या जवळ, गिटारकडे पाठ करून ठेवा. इक्वलायझरने ८० हर्ट्झच्या आसपास किंचित उचला आणि ३ हजारांच्या वरचं उतरवा. हे काम माइकचं असल्यामुळे कूलर बंद आणि पंखाही बंद. पाय आधी एकट्याने रेकॉर्ड करून मग त्यावर गिटार वाजवू नका. पाय, गिटार आणि गळा एकाच बैठकीत, एकाच टेकमध्ये घ्या.